बारा ओळींची हिशेबपट्टी

माझे वडील अकोल्याच्या कृषी उत्पन्न बाजार समितीत मापारी होते. तुरीचा हंगाम लागला की पहाटेपासून गाड्यांची रांग लागायची आणि बाबा दिवेलागणीपर्यंत काट्यापाशी उभे असायचे. शाळा सुटली की मी डबा घेऊन जायची आणि त्यांचं काम संपेपर्यंत पोत्यांच्या थप्पीवर बसून राहायची. पोतं काट्यावर चढायचं, बाबा वजन मोठ्यानं पुकारायचे, लगेच वहीत लिहायचे, मग पुढचं पोतं. शेवटी शेतकऱ्याच्या हातात पट्टी पडायची. वर मालाची एकूण रक्कम, त्याखाली हमाली, तोलाई, अडत अशा वजावटी आणि तळाला उरलेला आकडा. शेतकरी वरची रक्कम वाचत बसायचा नाही. त्याचं बोट थेट तळाच्या ओळीवर जायचं.

बाबा म्हणायचे, "हे पाय वं बाई, माल काट्यावर दिसते, पन मानसाची मेहनत पट्टीवर दिसते. एक पोतं लिवाचं राह्यलं, त त्याच्यासाठी ते पिकलंच नाई."

पुढे मी अमरावतीला जाऊन शारीरिक शिक्षणाची पदवी घेतली आणि अकोल्यातल्या एका शाळेत क्रीडाशिक्षिका झाले. निवृत्त होईपर्यंत जिल्हा, विभाग, विद्यापीठ अशा कितीतरी स्पर्धांत बास्केटबॉलच्या टेबलवर बसून स्कोअरशीट भरली. लिहिताना प्रत्येक वेळी बाबांची वही आठवायची. पण खेळाडूची पूर्ण हिशेबपट्टी कशी असते, हे मला फार उशिरा कळलं. ते कळलं स्पेनमधून आलेल्या एका कागदामुळे. तो कागद काय सांगतो, आणि तसा कागद आपल्या वऱ्हाडातल्या पोरापोरींच्या नावानं का निघायला हवा, हे सांगण्यासाठी हा लेख.

टेबलवरची वही

आधी आपल्याकडे काय लिहिलं जातं ते सांगते. बास्केटबॉलचं मैदान अठ्ठावीस मीटर लांब आणि पंधरा मीटर रुंद. रिंग जमिनीपासून ३.०५ मीटरवर. आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे दहा-दहा मिनिटांचे चार डाव. एका वेळी पाच जण मैदानात आणि संघात एकूण बारा. मैदानाच्या मधोमध, रेषेबाहेर एक टेबल असतं. तिथं स्कोअरर, त्याचा मदतनीस, टायमर आणि चोवीस सेकंदांचं घड्याळ सांभाळणारा असे बसलेले असतात. प्रेक्षकांचं त्यांच्याकडे लक्ष नसतं, पण पंच शिट्टी वाजली की आधी टेबलाकडेच बघतात.

स्कोअररजवळ दोन रंगांचे पेन असतात. पहिला आणि तिसरा डाव लाल पेनानं लिहायचा, दुसरा आणि चौथा निळ्या किंवा काळ्या. बास्केट झाली की चालू गुणांच्या आकड्यावर तिरकी रेघ आणि शेजारी खेळाडूचा नंबर. तीन गुणांची असेल तर त्या नंबराभोवती गोल. फ्री थ्रो गेला तर आकड्यावर भरीव ठिपका. खेळाडूच्या नावासमोर फाउलचे पाच चौकोन असतात. पाचवा भरला की तिचा खेळ संपला. आमच्या काळात जर्सीवर ४ ते १५ हेच नंबर असायचे, कारण एक, दोन, तीन ही बोटं पंचांना गुणांच्या आणि इतर खुणांसाठी लागायची. त्यामुळे मला अजूनही माझ्या जुन्या मुली नावाआधी नंबरानं आठवतात.

ही स्कोअरशीट म्हणजे सामन्याचा कायदेशीर दस्तऐवज. कोण जिंकलं, कुणी किती गुण केले, कुणाचे फाउल किती, हे तिच्यावरून ठरतं. पण रिंगवरून उसळलेला चेंडू कुणी उडी मारून पकडला, बास्केट होण्याआधीचा पास कुणी दिला, प्रतिस्पर्ध्याच्या हातून चेंडू कुणी काढून घेतला, यासाठी त्या कागदावर रकानाच नसतो.

हे मला एका आंतरशालेय अंतिम सामन्यात फार लागलं. आमच्या संघात आठ नंबरची एक मुलगी होती. पातूरकडच्या एका खेड्यातली, नात्यातल्यांकडे राहून शिकणारी. तिनं त्या दिवशी जे केलं ते मी टेबलवर बसून समोरून पाहत होते. समोरच्या संघाची सगळ्यात उंच मुलगी तिनं रिंगजवळ येऊच दिली नाही. आमच्या तीन बास्केट तिच्या पासवरून झाल्या. शेवटच्या मिनिटात तिनं चेंडू हिसकावला आणि सामना फिरला. मग बक्षीस समारंभात सर्वाधिक गुण करणाऱ्या मुलीला ढाल मिळाली. तिनंही मेहनत केलीच होती. पण आठ नंबरची माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "मॅडम, माह्या नावावर किती पॉइंट हायेत?" मी कागद बघितला. दोन होते.

"दोनच?" एवढं म्हणून ती बॅग भरायला गेली. माझ्यासमोर कागद होता, लाल-निळ्या रेघांनी भरलेला, नियमाप्रमाणे अचूक. आणि त्यात तिच्या दिवसभराच्या कष्टातली एक रेघ होती. बाबांच्या शब्दांत सांगायचं तर तिची बाकी पोती लिहायची राहिली होती.

स्पेनहून आलेला कागद

माझा भाचा कामानिमित्त काही महिने माद्रिदला होता. मावशीला बास्केटबॉलचं वेड, म्हणून त्यानं तिथल्या व्यावसायिक लीगचा एक सामना पाहिला आणि त्या सामन्याच्या आकडेवारीचा कागद छापून, घडी घालून बॅगेतून आणला. घरातल्यांना चॉकलेटं मिळाली, मला तो कागद. मी तो जेवणाच्या टेबलवर पसरला आणि त्या रात्री जेवण बाजूला राहिलं.

स्पेनची ही लीग एसीबी नावानं ओळखली जाते. १९८३ पासून ती चालते आणि युरोपातल्या उत्तम लीगमध्ये तिची गणना होते. सामन्याच्या कागदावर दोन्ही संघांचे दोन तक्ते असतात. प्रत्येक खेळाडूची एक ओळ. बारा खेळाडू, बारा ओळी, तळाला संघाची बेरीज. डावीकडून वाचायला लागलं की आधी नंबर आणि नाव, मग तो किती मिनिटं आणि किती सेकंद मैदानात होता, मग गुण. त्यानंतर नेमांचे तीन रकाने: दोन गुणांचे, तीन गुणांचे आणि एक गुणाचे, म्हणजे फ्री थ्रो. '५/९' लिहिलं असेल तर नऊ वेळा मारला आणि पाच वेळा गेला. चुकलेले चारही तिथंच दिसतात, ते कुणी लपवत नाही.

पुढे रिबाउंड. रिंगवरून परतलेला चेंडू आपल्या रिंगखाली पकडला की बचावाचा, समोरच्या रिंगखाली पकडला की चढाईचा. चढाईचा रिबाउंड म्हणजे संघाला मिळालेली दुसरी संधी, म्हणून तो वेगळा मोजतात. मग असिस्ट, म्हणजे ज्या पासमुळे सरळ बास्केट झाली तो पास. ज्याला पास मिळाला त्याच्यावर बास्केट मारताना फाउल झाला आणि त्यानं निदान एक फ्री थ्रो घातला, तरी आंतरराष्ट्रीय नियमांनुसार पास देणाऱ्याला असिस्ट मिळतो. मग हिसकावलेले चेंडू, गमावलेले चेंडू, अडवलेले नेम आणि स्वतःचे अडवले गेलेले नेम. मग केलेले फाउल. आणि त्याशेजारी एक रकाना, जो बघून मी थांबले: स्वतःवर झालेले फाउल.

विचार करा. पोरगी चेंडू घेऊन धाडसानं आत घुसते, दोन जणी तिला ढकलतात, ती सिमेंटवर आपटते, गुडघा सोलतो. आमच्या स्कोअरशीटवर फाउल लिहिला जातो तो ढकलणाऱ्या मुलीच्या नावावर. पडणाऱ्या मुलीच्या नावावर काहीच नाही. स्पेनच्या कागदावर मात्र ते तिच्या जमेत धरलेलं आहे, कारण तिच्यामुळे समोरच्या संघावर फाउलचं ओझं वाढलं.

हमाली, तोलाई आणि तळाची ओळ

त्या तक्त्याच्या उजव्या टोकाला एकाच आकड्याचा रकाना होता. स्पॅनिशमध्ये त्याला 'बालोरासिओन' म्हणतात. मूल्यमापन, असा साधा अर्थ. आठवड्याचा सर्वोत्तम खेळाडू ठरवायला एसीबीनं १९९१ साली ही पद्धत सुरू केली आणि पुढे ती युरोलीगनंही घेतली. तिचं सूत्र कळलं तेव्हा मला बाबांची पट्टी डोळ्यांसमोर दिसली.

जमेच्या बाजूला गुण, रिबाउंड, असिस्ट, हिसकावलेले चेंडू, अडवलेले नेम आणि स्वतःवर झालेले फाउल यांची बेरीज. वजावटीच्या बाजूला चुकलेले नेम, चुकलेले फ्री थ्रो, गमावलेले चेंडू, स्वतःचे अडवले गेलेले नेम आणि केलेले फाउल. जमेतून वजावट काढली की तळाची ओळ.

एक उदाहरण करून बघू. आकडे समजण्यासाठी मी मांडले आहेत. समजा एका संघात पाच नंबरची आणि आठ नंबरची अशा दोघी खेळल्या. पाच नंबरनं १८ गुण केले. टाळ्या तिलाच मिळाल्या. तिचे दोन गुणांचे १८ पैकी ७ नेम गेले, तीन गुणांच्या ४ पैकी एकही नाही, फ्री थ्रो ८ पैकी ४. शिवाय ३ रिबाउंड, १ असिस्ट, १ हिसकावलेला चेंडू आणि तिच्यावर झालेले ५ फाउल. जमा झाली २८. आता वजावट: चुकलेले नेम १५, चुकलेले फ्री थ्रो ४, गमावलेले चेंडू ५, तिचे अडवले गेलेले नेम २, तिनं केलेले फाउल ४. एकूण ३०. तळाची ओळ: उणे २.

आठ नंबरचे गुण ६. चार नेम मारले, त्यातले तीन गेले. पण रिबाउंड ९, असिस्ट ६, हिसकावलेले चेंडू ४, एक नेम अडवलेला, तिच्यावर झालेले फाउल २. जमा तिचीही २८. वजावट: चुकलेला नेम १, गमावलेले चेंडू २, केलेले फाउल २. एकूण ५. तळाची ओळ: २३.

दोघींचा वरचा आकडा एकच होता. गाडीभर माल दोघींनीही आणला होता. फरक पडला तो हमाली-तोलाईत. हे कळायला गणिताची पदवी लागत नाही. बाजारात पट्टी वाचणारा कुठलाही शेतकरी ते एका नजरेत ओळखेल.

या पद्धतीनं घडलेले खेळाडू बघा. स्पेनचा रिकी रुबिओ २००५ साली, वयाच्या चौदाव्या वर्षी, एसीबीत उतरला. मोठा नेमबाज म्हणून त्याचं नाव कधीच नव्हतं. त्याची ओळख होती ती पास आणि हिसकावलेले चेंडू यांची, म्हणजे साध्या स्कोअरशीटला न दिसणाऱ्या कामाची. स्पेनमध्ये ते काम पहिल्या दिवसापासून लिहिलं जात होतं. २०१९ च्या विश्वचषकात बीजिंगमधल्या अंतिम सामन्यात स्पेननं अर्जेंटिनाला ९५-७५ असं हरवलं आणि स्पर्धेचा सर्वोत्तम खेळाडू रुबिओच ठरला.

लुका डॉन्चिचची गोष्ट तर प्रत्येक राखीव खेळाडूला सांगावी अशी आहे. स्लोव्हेनियाचा हा मुलगा रेआल माद्रिदकडून ३० एप्रिल २०१५ रोजी उनिकाहाविरुद्ध पहिल्यांदा एसीबीत खेळला. वय सोळा वर्षं, दोन महिने, दोन दिवस. मैदानात दोन मिनिटंसुद्धा नव्हता. पण हातात आलेला पहिलाच चेंडू त्यानं तीन गुणांच्या रेषेबाहेरून मारला आणि तो गेला. त्या दिवशीची त्याची ओळ छोटीशी, पण ती ओळ आहे. तीन वर्षांनी, २०१८ मध्ये, रेआल माद्रिदनं युरोलीग जिंकली आणि मोसमाचा सर्वोत्तम खेळाडू तोच होता.

आकड्यांच्या पलीकडचं

मी आकड्यांची भक्त असले तरी आंधळी नाही, आणि मुलांना शिकवतानाही हे सांगत आले. या सूत्रात उणिवा आहेत. त्यात सगळं एकाच मापानं मोजलं जातं. अटीतटीच्या शेवटच्या मिनिटात हिसकावलेला चेंडू आणि वीस गुणांनी पुढे असताना हिसकावलेला चेंडू, दोन्हींना एकच गुण. लांबून मारणाऱ्याला सूत्र थोडं झुकतं माप देतं. तीन गुणांचे तीन नेम मारून एक गेला तरी तीन वजा दोन, एक शिल्लक राहतो. दोन गुणांच्या नेमाला तेवढ्याच चुकांत शून्य. सर्वांत मोठी उणीव बचावाची. समोरच्या उंच मुलीला पाय घट्ट रोवून रिंगपासून लांब ठेवणं, तिला चेंडूच मिळू न देणं, हे कुठल्याच रकान्यात येत नाही.

त्यासाठी स्पॅनिश तक्त्यात अधिक-उण्याचा आणखी एक रकाना असतो. खेळाडू मैदानात असताना आपल्या संघानं किती गुण केले आणि समोरच्यानं किती, यांतला फरक. एखाद्या मुलीचे गुण दोन, रिबाउंड तीन, पण ती असताना संघ बारानं पुढे गेला असेल, तर प्रशिक्षकानं विचार करावा की ही नेमकं करते तरी काय. तो रकाना उत्तर देत नाही, पण बघायला भाग पाडतो. आकड्याचं खरं काम मला तेच वाटतं. निवाडा माणसानंच करायचा. पण निवाडा करायच्या आधी सगळ्यांचं काम कागदावर आलेलं असावं, एवढंच माझं म्हणणं आहे.

कारण जे लिहिलं नाही ते परत मिळत नाही. अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगमध्ये २ मार्च १९६२ रोजी पेनसिल्व्हेनियातल्या हर्शी गावात विल्ट चेंबरलेननं एका सामन्यात शंभर गुण केले. त्याच्या फिलाडेल्फियानं न्यूयॉर्कला १६९-१४७ असं हरवलं. त्या सामन्याची चित्रफीत नाही. आज आपल्याला तो कळतो तो आकडेवारी लिहिणाऱ्या हार्वी पोलॅकमुळे. चेंबरलेन हातात '१००' लिहिलेला कागद धरून बसल्याचा जो प्रसिद्ध फोटो आहे, त्यातला आकडाही पोलॅकनंच लिहिलेला. ६३ पैकी ३६ नेम, ३२ पैकी २८ फ्री थ्रो, २५ रिबाउंड. इतकं बारीक आपल्याला माहीत आहे. पण त्या रात्री चेंबरलेननं किती नेम अडवले आणि किती चेंडू हिसकावले? ते कुणालाच सांगता येत नाही, कारण त्या लीगमध्ये या दोन गोष्टी मोजायला १९७३-७४ च्या मोसमापासून सुरुवात झाली. जगातला सर्वांत गाजलेला बास्केटबॉल सामना, आणि त्याची पट्टीही अर्धीच.

आपल्या मातीत

आपल्या वऱ्हाडाला आकडे कळत नाहीत असं कुणी म्हणू नये. क्रिकेटचे आकडे आपल्याकडे पानटपरीवर पाठ असतात. अमरावतीच्या जितेश शर्मानं २७ मे २०२५ रोजी लखनऊत ३३ चेंडूंत नाबाद ८५ धावा काढल्या, बंगळुरूनं २२८ चा पाठलाग पुरा केला आणि पुढे पहिल्यांदा आयपीएल जिंकली. हे शाळेतली मुलं झोपेतून उठवलं तरी सांगतील. अकोल्याच्या क्रिकेटमधून पुढे आलेल्या दर्शन नळकांडेनं २०२१ साली सय्यद मुश्ताक अली स्पर्धेच्या उपांत्य फेरीत कर्नाटकचे चार गडी लागोपाठच्या चार चेंडूंवर बाद केले. विदर्भ तो सामना चार धावांनी हरला. निकाल लोक विसरतील, पण दर्शनचे चार चेंडू चार गडी वहीत आहेत, म्हणून कायम आहेत.

आणि खो-खो? आपली वर्तमानपत्रं खो-खोची बातमी देताना कुणी किती मिनिटं-सेकंद पळती केली आणि किती गडी टिपले, हे नावानिशी छापत आली आहेत. संरक्षणाचा वेळ आणि आक्रमणातले गडी, दोन्ही. म्हणजे पळणाऱ्याचं काम आणि मारणाऱ्याचं काम असं दोन्ही बाजूंनी खेळाडूला मोजण्याची रीत आपली घरची आहे. बास्केटबॉलच्या टेबलवर तेवढी ती आलेली नाही.

मी शिकले त्या अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची स्थापना १९१४ साली अंबादासपंत आणि अनंत या वैद्य बंधूंनी केली. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी मंडळाच्या चमूनं तिथं जाऊन कबड्डी आणि इतर भारतीय खेळांची प्रात्यक्षिकं केली. आम्ही विद्यार्थी असताना सकाळच्या अंधारात मैदानावर यायचो तेव्हा ही गोष्ट ऐकून छाती भरून यायची. प्रात्यक्षिकाला गुणफलक नसतो. तिथं जग बघतं आणि टाळ्या वाजवतं. स्पर्धेचं तसं नाही. स्पर्धेत निवड होते, शिष्यवृत्ती ठरते, क्रीडा गुण मिळतात, नोकरीतलं आरक्षण मिळतं. तिथं मुलाच्या हातात कागद लागतो.

आणि तो कागद जगाला दिसू शकतो. आज आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या स्पर्धांत खेळलेल्या प्रत्येकाची ओळ कुठूनही वाचता येते. भारताच्या महिला संघाचं नेतृत्व केलेली पुण्याची शिरीन लिमये, भारताकडून खेळलेली नागपूरची सिया देवधर, यांनी किती मिनिटं खेळून काय केलं हे माद्रिदमधला माणूस त्याच्या घरी बसून बघू शकतो. नागपूर आमच्यापासून फार लांब नाही. पण अकोल्याच्या पोरीनं गेल्या वर्षी किती रिबाउंड घेतले, हे अकोल्यातही कुणाला सांगता येत नाही.

दोनशे पानी वही

तो स्पॅनिश कागद आला तेव्हा माझ्या नोकरीची सहा वर्षं उरली होती. मी दुसऱ्याच दिवशी दोनशे पानी वही आणली आणि पट्टीनं रकाने आखले. पहिल्या दिवशी मी एकटीच लिहायला बसले आणि पाच मिनिटांत गोंधळले. खेळ डोळ्यांपेक्षा वेगानं जातो. मग युक्ती सुचली. बेंचवर बसलेल्या मुली नुसत्याच बसून कंटाळायच्या. त्यांच्या जोड्या केल्या. एकीनं मैदानावरून नजर न हलवता बोलायचं: "आठ नंबर, रिबाउंड! पाच नंबर, बॉल गेला!" दुसरीनं मान खाली घालून फक्त रेघ ओढायची. बाबा काट्यापाशी जसे पुकारायचे आणि लिहायचे, तसंच. फरक एवढाच की पुकारणारी एक आणि लिहिणारी दुसरी.

आधी भांडणं झाली. "मॅडम, तो असिस्ट काहून नाई लिवला? पास त माहाच होता!" मग एकत्र बसून ठरवायचं. पास मिळाल्यावर तिनं किती वेळ चेंडू आपटला? दोघींना चुकवून मग मारला? मग तो असिस्ट नाही, ती तिची स्वतःची कमाई. पासमुळेच मोकळी वाट मिळाली आणि लगेच मारला? मग असिस्ट. या भांडणांतून मुली खेळ जेवढ्या शिकल्या तेवढ्या माझ्या शिट्टीनं कधी शिकल्या नव्हत्या. बेंचवरची मुलगी आता सामना वाचायला लागली होती. मैदानात उतरली की तिला माहीत असायचं, समोरची चार नंबर डावीकडून नेम मारते तेव्हा चुकते.

आणखी एक बदल मला अपेक्षित नव्हता. चुकलेले नेम नावावर लागतात म्हटल्यावर उगाच मारणं कमी झालं. पास लिहिला जातो म्हटल्यावर पास वाढले. सराव संपला की मुली माझ्याभोवती गोळा व्हायच्या, पण आता "माहे किती पॉइंट?" असं विचारत नसत. "मॅडम, माही पट्टी किती झाली?" असं विचारायच्या. पट्टी हा शब्द मीच दिला होता. त्यांच्या घरीही तो रोजचा होता. एकीचे वडील बोरगाव मंजूकडून सोयाबीन घेऊन बाजारात आले होते तेव्हा वही बघायला मैदानावर आले. मुलीच्या ओळीवरून बोट फिरवत थेट शेवटच्या रकान्याशी थांबले आणि म्हणाले, "चांगली हाय की पोरीची पट्टी." त्यांना बास्केटबॉलचा एकही नियम माहीत नव्हता.

उन्हाळ्यात अकोल्यात नऊ-साडेनऊनंतर सिमेंटच्या कोर्टवर उभं राहवत नाही. तरी सकाळी सहाला मुलं येतात. फाटक्या जाळीच्या रिंगवर चेंडू मारतात. अमरावतीत, अकोल्यात, मूर्तिजापूर-अचलपूरच्या शाळांतही येतात. त्यांच्यासाठी मोठं क्रीडासंकुल बांधणं तुमच्या-माझ्या हातात नसेल. वही हातात आहे.

म्हणून माझ्या सहकारी क्रीडाशिक्षकांना, महाविद्यालयांच्या क्रीडा संचालकांना आणि पालकांना हात जोडून विनंती आहे. यंदाच्या शालेय स्पर्धा सुरू होण्याआधी एक दोनशे पानी वही आणि एक लाल, एक निळा असे दोन पेन आणा. रकाने आखा: नेम, चुकलेले नेम, रिबाउंड, असिस्ट, हिसकावलेले, गमावलेले, अडवलेले, अडवले गेलेले, केलेले फाउल, सोसलेले फाउल. बेंचवरच्या दोन मुलांना लिहायला बसवा. सामना संपला की प्रत्येकाला त्याची ओळ वाचून दाखवा, हरलेल्या संघालाही. वर्षाच्या शेवटी त्या ओळीची सही-शिक्क्यानिशी प्रत मुलाच्या हातात द्या.

माझी आठ नंबर आता लग्न होऊन दर्यापूरला असते. तिच्या त्या सामन्याची वही माझ्याकडे नाही, कारण तेव्हा मी ती लिहिलीच नव्हती. तुमच्या मैदानावर आज जी आठ नंबर खेळते आहे, तिची लिहा.